दरड कोसळल्यावर मदत म्हणून जेवण पाठवायचंय? कधी काय पाठवायचं ते समजून घ्या

कुठे दरड कोसळली किंवा पूर आला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरू लागतात. "उद्या सकाळी गाडी निघतेय, ज्याला जे जमेल ते द्या." लोक मनापासून देतात. तरीही पहिल्या आठवड्यात जेवण उरतं आणि महिन्याभराने त्याच गावात डाळ-तेलाची चणचण असते. असं का होतं?

माळीणमध्ये काय झालं होतं?

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही, तेव्हा ही घटना बाहेर कळली. 151 जणांचा मृत्यू झाला.

आंबेगाव तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्गावरचं कळंब, मंचर हा बागायती, भाजीपाल्याचा पट्टा. पश्चिमेला डिंभे धरणाच्या पलीकडे भीमाशंकरच्या डोंगररांगेतली आदिवासी गावं. तिथे भात, नाचणी आणि हिरडा यांवर घर चालतं. पश्चिमेला संकट आलं की मदतीच्या गाड्या बहुतेक याच महामार्गावरून, मंचर-घोडेगावमार्गे वर जातात.

पहिले दोन-तीन दिवस: तयार जेवण

या दिवसांत चूल, भांडी, कोरडं सरपण काहीच हाताशी नसतं. त्यामुळे तयार जेवणच लागतं. पण नेमकं कुणाला, हे संकटाच्या प्रकारावर ठरतं. पुरात हजारो लोक जिवंत, पण बेघर असतात. माळीणसारख्या दरडीत वाचलेले थोडे असतात. जेवणारे जास्त असतात ते बचाव पथकाचे जवान, पोलीस, डॉक्टर, जेसीबीचालक, नातेवाईक आणि भीतीने घर सोडलेले शेजारच्या वाड्यांतले लोक. हा आकडा न विचारता निघालेल्या गाड्यांतलं जेवण फुकट जातं.

दुसरा मुद्दा वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. घाटातल्या पावसात गाडी किती वेळात पोहोचेल हे कुणी सांगू शकत नाही. ऑगस्ट 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात तर पुणे-बंगळूर महामार्गच काही दिवस बंद होता. म्हणून मसालेभात, पुलाव लांबून पाठवू नका. तो जवळच्या गावातच शिजू द्या. लांबून पाठवायचं तर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि पिण्याचं पाणी पाठवा.

पहिल्या आठवड्यानंतर: शिधा

आता घरटी किट वाटली जातात. पण एक किट किती दिवस पुरते, याचा हिशोब क्वचितच होतो.

जागतिक अन्न कार्यक्रमाच्या नेहमीच्या शिध्यात माणशी रोज साधारण 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ आणि 25 ग्रॅम तेल धरतात. म्हणजे पाच जणांच्या घराला 15 दिवसांसाठी 30 किलो धान्य, साडेचार किलो डाळ आणि सुमारे दोन किलो तेल लागतं. आता 5 किलो पीठ, 2 किलो तांदूळ आणि 1 किलो डाळ अशी किट घ्या. ती या घराला जेमतेम साडेतीन दिवस पुरते! 2019 च्या पुरानंतर सरकारने कुटुंबामागे 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ जाहीर केले होते. वरच्या हिशोबाने तेही दहाच दिवसांचं धान्य.

म्हणून 300 लहान किटपेक्षा 75 पुरेशा किट कधीकधी जास्त कामाच्या. धान्यही तिथल्या जेवणाचं असावं. भात खाणाऱ्या गावात तांदूळ द्या. वीज नसेल तर गिरणीही बंद असते, तेव्हा गव्हाऐवजी पीठ द्या. सोबत मीठ, हळद, तिखट, काडेपेटी आणि एखादं पातेलं असेल तरच स्वयंपाक होईल.

खरी अडचण कधी सुरू होते?

सह्याद्रीच्या या पट्ट्यात भाताची लावणी जुलैत होते आणि कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुलैअखेर दरड येते तेव्हा घरातलं जुनं धान्य ढिगाऱ्याखाली जातं आणि नुकतं लावलेलं भातखाचरही. म्हणजे दोन्ही हंगामांचं अन्न एकाच सकाळी संपतं. पुढचा भात हाती यायला वर्षाहून जास्त काळ लागतो, तोही खाचर पुन्हा तयार झालं तर.

माळीणच्या लोकांना नव्या गावठाणातली पक्की घरं मिळाली ती एप्रिल 2017 मध्ये, दुर्घटनेनंतर जवळपास पावणेतीन वर्षांनी. बातम्यांचे कॅमेरे मात्र काही दिवसांतच परतलेले असतात.

मग तुम्ही काय करू शकता?

आधी फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. आंबेगावचं तहसील कार्यालय घोडेगावला आहे. किती माणसं, कोणत्या वाड्या, काय कमी आहे, हे विचारूनच गाडी भरा.

रस्त्याकडेच्या गावात थांबू नका. गाड्या पोहोचतात तिथेच मदत साठते आणि आतल्या वाड्या राहून जातात. आधीच्या गाडीने काय, कुठे दिलं याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवा.

जमलेल्या पैशांतले निम्मे बाजूला ठेवा. ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डाळ-तेलासाठी, पुढच्या वर्षी भाताच्या बियाण्यासाठी वापरा.

कागदपत्रांना मदत करा. रेशनकार्ड वाहून गेलं असेल तर दुय्यम प्रत काढून देणारा स्वयंसेवक त्या घराला दर महिन्याचं धान्य मिळवून देतो.

आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नका. 2019 मध्ये मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो लावल्यावर राज्यभर टीका झाली होती. किट हातात देतानाचा आपला सेल्फी त्याहून फार वेगळा नसतो. काल-परवापर्यंत स्वतःच्या शेतातलं खाणाऱ्या माणसाला आज हात पुढे करावा लागतोय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुढच्या वेळी ग्रुपवर "गाडी कधी निघतेय?" असा मेसेज आला तर त्याखाली आणखी एक प्रश्न टाका: "दुसरी गाडी कोणत्या महिन्यात पाठवायची?"