इम्पोर्टचीं वाक्यें कोठें लिहावीं?

आजचा विषय दिसावयास अगदीं लहान आहे. संगणकाचा प्रोग्राम लिहितांना इम्पोर्टचीं वाक्यें कोठें लिहावीं, एवढाच प्रश्न. कोणी तीं फाइलीच्या आरंभीं लिहितो, कोणी गरज पडेल तेथें मध्येंच घुसवितो, आणि दोघांचेही प्रोग्राम चालतात. चालतात म्हणूनच या गोष्टीकडे दुर्लक्ष होतें.

मी पायथन या भाषेपुरतें बोलणार आहें. गुइडो व्हॅन रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली, आणि आज पुष्कळ विद्यार्थी प्रोग्राम लिहिण्याचा श्रीगणेशा तिच्यांतच करितात. प्रोग्रामास लागणारें सर्वच कांहीं आपण स्वतः लिहीत नाहीं. वर्गमूळ काढणें, तारखांमधील अंतर मोजणें, हीं कामें दुसऱ्यांनीं आधींच लिहून मॉड्यूल नांवाच्या फाइलींत ठेविलेलीं असतात. त्यांतील हवें तें आपल्या हाताशीं आणण्याची आज्ञा म्हणजे इम्पोर्ट.

जावा भाषेंत या आज्ञेची जागा व्याकरणानेंच ठरवून दिली आहे: पॅकेजच्या ओळीनंतर व क्लासच्या आधीं. जावास्क्रिप्टच्या २०१५ सालच्या प्रमाणाप्रमाणें इम्पोर्टचें वाक्य फंक्शनाच्या आंत लिहितांच येत नाहीं. पायथनमध्यें तसें बंधन नाहीं. तेथें इम्पोर्ट ही इतर आज्ञांसारखीच एक आज्ञा आहे, आणि तिची पाळी येईल तेव्हांच ती अंमलांत येते. सारी मेख येथेंच आहे.

आतां असें समजा कीं, एका शाळेचा वार्षिक निकाल तयार करणारा प्रोग्राम आहे. तो गुण वाचतो, बेरजा करितो, श्रेणी लावतो, आणि अखेरीस एक्सेलचा तक्ता लिहितो. तक्ता लिहिण्यासाठीं ओपनपायएक्सएल हें मॉड्यूल लागतें; तें पायथनबरोबर येत नाहीं, वेगळें बसवावें लागतें. लिहिणारानें त्याचें इम्पोर्ट अगदीं शेवटच्या फंक्शनांत ठेविलें. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर सर्व सुरळीत चाललें. शाळेच्या यंत्रावर मात्र तें मॉड्यूल बसविलेलेंच नव्हतें. निकालाच्या आदल्या रात्रीं प्रोग्राम सुरू झाला, सर्व वर्गांचे गुण वाचून झाले, बेरजा झाल्या, आणि तक्ता लिहिण्याच्या क्षणीं ‘मॉड्यूल सांपडत नाहीं’ म्हणून तो कोसळला. केलेली मेहनत कोठेंही नोंदली गेली नाहीं. तेंच वाक्य पहिल्या ओळींत असतें तर प्रोग्राम पहिल्या पळाला थांबला असता, आणि बसविण्याचें काम तेव्हांच उरकलें असतें. पूजेच्या साहित्याची यादी गुरुजी आदल्या दिवशीं देतात ती याच कारणानें. संकल्प सोडल्यावर सुपारी शोधीत वाण्याकडे धांवण्यांत कांहीं अर्थ नसतो.

म्हणूनच पायथनच्या लेखनशैलीचे नियम २००१ सालीं ‘पेप आठ’ या टिपणांत सांगितले गेले, त्यांत इम्पोर्टचीं वाक्यें फाइलीच्या माथ्यावर ठेवण्यास सांगितलें आहे: प्रास्ताविक वर्णनाच्या खालीं आणि स्थिरांकांच्या वर. त्यांतही क्रम आहे. आधीं पायथनबरोबरच येणारीं मॉड्यूलें, मग इतरांकडून आणून बसविलेलीं, शेवटीं आपल्या घरचीं. प्रत्येक गटानंतर एक ओळ मोकळी. हा मधला गट मला फार मोलाचा वाटतो. नव्या यंत्रावर काय काय बसवावें लागेल हें दुसऱ्या माणसास तेवढ्या चार ओळींवरून कळतें. सारी फाइल चाळावी लागत नाहीं.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. फंक्शनांत इम्पोर्ट असल्यास तें फंक्शन हजार वेळां चालवितांना मॉड्यूलही हजार वेळां वाचलें जाईल, असें कित्येकांस वाटतें. तसें होत नाहीं. पायथन आणलेल्या मॉड्यूलांचा ‘सिस डॉट मॉड्यूल्स’ नांवाचा हजेरीपट ठेवतो. नांव त्यांत असेल तर फाइल पुन्हा न चालवितां तेंच मॉड्यूल हातीं दिलें जातें. खर्च होतो तो केवळ हजेरीपट पाहण्याचा. खरा धोका निराळाच आहे. फंक्शनाच्या आंत आणलेलें नांव त्या फंक्शनापुरतें स्थानिक बनतें. म्हणून माथ्यावर ‘ओएस’ आणलेलें असलें, आणि फंक्शनाच्या तळाशीं पुन्हा तेंच आणलें, तर त्याच फंक्शनांत वरच्या ओळीस ‘ओएस’ वापरतांच प्रोग्राम अडतो. मुलें अशा वेळीं तासन् तास डोकें खाजवितात.

तरीही आंत इम्पोर्ट लिहिणें कधींच योग्य नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. कांहीं मॉड्यूलें जड असतात. पांडाज हें त्यांपैकीं एक. ज्या प्रोग्रामास पुष्कळदां नुसती मदतीची माहिती दाखवावयाची असते, त्यानें त्यासाठीं दरवेळीं खोळंबून कां राहावें? मात्र विलंब अंदाजानें ठरवूं नये. २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून प्रत्येक मॉड्यूल आणावयास किती वेळ लागतो हें दाखविणारी ‘इम्पोर्टटाइम’ नांवाची सोय पायथनमध्यें आहे. तिनें मोजून पाहावें.

दुसरा प्रसंग वर्तुळाचा. पहिलें मॉड्यूल दुसऱ्यास बोलावतें, आणि दुसरें पहिल्यांतील एखादें नांव मागतें. पण पहिलें अजून अर्धेंच वाचून झालेलें असल्यामुळें तें नांव तेथें नसतें. एक इम्पोर्ट फंक्शनांत नेलें कीं पेंच सुटतो, कारण फंक्शन चालेपर्यंत दोन्ही मॉड्यूलें पुरीं वाचून झालेलीं असतात. माझ्या मतें ही मलमपट्टी आहे. दोघांसही लागणारा भाग तिसऱ्या मॉड्यूलांत काढून ठेवणें हा खरा उपाय. पण चालू कामांत तेवढी सवड नेहमीं मिळतेच असें नाहीं.

अशा कारणानें वाक्य आंत ठेवावें लागलें तर त्याच्या शेजारीं तें कां ठेविलें याची एक ओळ टीप लिहावी. नाहींतर पुढें कोणी नीटनेटका गृहस्थ फाइल आवरावयास बसेल, नियमाप्रमाणें तें वाक्य उचलून माथ्यावर नेईल, आणि काल चालत असलेला प्रोग्राम आज सुरूंच होणार नाहीं.