वॉर्ड ऑफिसची पायरी चढण्याआधी

गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की पहिला फोन नगरसेवकाला जातो. त्याचा माणूस येतो, पाठोपाठ जेटिंगची गाडी येते, तासाभरात पाणी ओसरतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या पावसात पुन्हा तेच. वस्तीच्या कामांबद्दल आपल्या मनात जे गैरसमज असतात, त्यांतले बरेचसे या एका फोनापाशी येऊन थांबतात. काम अडण्यामागे दर वेळी कुणाचा तरी स्वार्थच असतो असं नाही. पुष्कळदा मागणी चुकीच्या टेबलावर किंवा चुकीच्या महिन्यात पोचलेली असते. महाराष्ट्रातल्या महापालिकांत, विशेषतः पुण्या-मुंबईत, वस्तीचं म्हणणं कुठे मांडता येतं आणि तिथे त्याचं काय होतं, ते इथे सांगायचं आहे.

सगळ्यांत पक्का बसलेला समज असा की नगरसेवक म्हणजेच महापालिका, आणि काम ‘त्याच्या निधीतून’ होतं. बाकड्यांवर, कमानींवर, बसथांब्यांवर नावं रंगवलेली असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तो पैसा नगरसेवकाचा नसतो. पुणे महापालिकेत ‘स यादी’ म्हणून जी कामं ओळखली जातात, ती नगरसेवकांनी सुचवलेली असतात; खर्च मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून होतो. शिवाय कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. झाडूवाल्याला कुठल्या गल्लीत पाठवायचं, ठेकेदाराचं बिल काढायचं की रोखायचं, हे प्रशासन ठरवतं. नगरसेवकाची खरी ताकद सभागृहात असते: अंदाजपत्रकात तरतूद करून घेणं, लेखी प्रश्न विचारणं, कर आणि धोरणांवर मत देणं. आपण मात्र त्याला जेटिंगच्या गाडीसाठी फोन करतो आणि सभागृहात तो किती वेळा बोलला, हे विचारतही नाही. ही अदलाबदल आपल्याला फार महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रेनेजचंच उदाहरण पुढे नेऊ. चेंबरचं झाकण तुटलं असेल तर ते देखभाल-दुरुस्तीचं काम. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात वर्षभराची तरतूद असते, कनिष्ठ अभियंत्याकडे तक्रार नोंदवली की ते व्हायला हवं. पण गल्लीत चार मजली इमारतींच्या जागी अकरा मजली उभ्या राहिल्या आणि जुनी वाहिनी अपुरी पडू लागली, तर कितीही वेळा जेटिंग केलं तरी उपयोग नाही. मोठ्या व्यासाची वाहिनी टाकणं हे भांडवली काम. त्याला पूर्वगणनपत्रक लागतं, अंदाजपत्रकात तरतूद लागते, मग निविदा, मग कार्यादेश. तरतूद नसेल तर अभियंता मनापासून ‘हो’ म्हणाला तरी काम सुरू होत नाही. फार तर दुसऱ्या कामाचे पैसे ‘वर्गीकरण’ करून इकडे वळवले जातात, आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीचं काम मागे पडतं. म्हणून तक्रार लिहिताना पहिला प्रश्न हा: दुरुस्ती मागतो आहोत की नवं काम? दोन्हींसाठी एकच अर्ज केला तर कनिष्ठ अभियंता त्यातली दुरुस्ती करून अर्ज ‘निकाली’ काढतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही असतं.

इथेच महिन्यांचा हिशेब येतो. पुष्कळांना वाटतं की अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ठरतं, तेव्हा मागणी करावी. प्रत्यक्षात पुण्याला लागू असलेल्या महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांनी अंदाजपत्रक १५ जानेवारीच्या आत स्थायी समितीपुढे मांडायचं असतं, आणि खात्यांकडून आकडे त्याआधी काही महिने गोळा होऊ लागतात. फेब्रुवारीत वर्तमानपत्रात बातमी येते तोवर तुमच्या गल्लीचं भवितव्य बहुतेक लिहून झालेलं असतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक ही पद्धत आहे. पावसाळ्यात किंवा तो सरताना महापालिका अर्ज मागवते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतचं छोटं काम कुणीही नागरिक सुचवू शकतो: पदपथ, पथदिवे, बाकं, पावसाळी गटार, सार्वजनिक स्वच्छतागृह. रक्कम लहान वाटेल. पण शाळेच्या दारासमोर खचलेला पदपथ दुरुस्त व्हायला तेवढी पुरते. सूचना मोघम असली की बाद होते. ‘आमच्या भागात दिवे नाहीत’ असं लिहिण्यापेक्षा कोणत्या चौकापासून कोणत्या कोपऱ्यापर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूला किती खांब हवेत, हे लिहिलं तर अभियंत्याला जागेवर जाऊन अंदाज काढता येतो. काम महापालिकेच्या जागेवरच हवं. सोसायटीच्या आवारातलं काम यात बसत नाही.

‘वॉर्ड’ म्हटलं की दोन वेगळ्या हद्दी असतात, आणि इथे भलेभले गोंधळतात. मुंबईत नगरसेवक निवडून येतात ते २२७ प्रभागांतून. पण पाणी, कचरा, रस्ते यांचा रोजचा कारभार चालतो तो प्रशासकीय वॉर्डांतून, ज्यांना आपण जी उत्तर, के पूर्व अशा नावांनी ओळखतो. पुण्यातही एका क्षेत्रीय कार्यालयाखाली अनेक निवडणूक प्रभाग येतात. त्यामुळे तुमचा नगरसेवक आणि तुमचं वॉर्ड ऑफिस यांच्या सीमा जुळत नाहीत. तक्रारीवर प्रभाग क्रमांकाबरोबर क्षेत्रीय कार्यालयाचं नाव लिहिलं नाही तर ती आठवडाभर या खात्यातून त्या खात्यात फिरत राहते.

या दोन हद्दींना जोडणारा दुवा म्हणजे प्रभाग समिती. ती नगरसेवकांची आपसातली बैठक आहे, सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध नाही, असं समजलं जातं. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यानुसार तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या समितीत त्या भागातले नगरसेवक, क्षेत्रीय अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधून नेमलेले जास्तीत जास्त तीन सदस्य बसतात. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाळी पाणी या सेवांच्या सार्वत्रिक तक्रारी सोडवणं हे तिचं कामच आहे. आपल्या भागाच्या खर्चाचे प्रस्ताव वर जाण्याआधी त्यांवर शिफारस करणं, आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं हेही तिच्या हातात आहे. म्हणजे दहा सोसायट्यांना आणि मागच्या चाळीला मिळून भेडसावणारी पाण्याची अडचण इथेच यायला हवी, एका नगरसेवकाच्या घरच्या बैठकीत नव्हे. त्या तीन जागांवर संस्थांच्या नावाखाली पक्षाचेच कार्यकर्ते बसवले जातात, अशी तक्रार पुण्यात अनेकदा झाली आहे. ती गंभीर आहे, कारण निवडून न आलेल्या जाणत्या माणसासाठी या रचनेत ठेवलेली जागा तेवढीच आहे. नगरसेविका असेल तर समितीत तीच बसते, तीच बोलते. तिच्या पतीला तिथे कोणतंही स्थान नाही, हे लोकांनीच ठामपणे सांगायला हवं.

समितीच्याही खाली आणखी एक पायरी आहे, आणि तिचं नावही अनेकांनी ऐकलेलं नसतं: क्षेत्रसभा. गावात ग्रामसभा असते, शहरात तसं काही नाही, असं आपण मानून चालतो. २००९ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. प्रभागाचे छोटे भाग पाडायचे, त्या भागातला प्रत्येक नोंदणीकृत मतदार हा सभेचा सदस्य, आणि नगरसेवकाने अध्यक्ष म्हणून ती बोलवायची. कोणती कामं आधी घ्यावीत, पाणी कुठे येत नाही, दिवे कुठे नाहीत, योजनेचा लाभ खऱ्या गरजूला मिळतो का, हे त्या सभेत सांगायचं. कागदावर इतकी सुरेख असलेली ही तरतूद प्रत्यक्षात फारशी उतरली नाही. पुण्यात नागरिकांच्या संस्थांनी पाठपुरावा करूनही मोजक्याच नगरसेवकांनी अशा सभा घेतल्या. आपणही ती मागितली नाही. प्रचाराच्या वेळी उमेदवार दारात येतो तेव्हा ‘क्षेत्रसभा कधी घेणार?’ हा प्रश्न विचारणारी माणसं दर गल्लीत निघाली, तर तिचं पुनरुज्जीवन होईल, असा मला विश्वास आहे.

क्षेत्रसभेच्या सदस्यत्वाची अट मतदार असण्याची आहे, मालक असण्याची नाही. हे ठळकपणे सांगायला हवं, कारण ‘तुम्ही भाडेकरू, तुम्ही कशाला बोलता’ आणि ‘झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत’ ही दोन वाक्यं जवळपास प्रत्येक बैठकीत कानावर येतात. भाडेकरूने मतदारयादीत नाव नोंदवलं की त्याचा हक्क मालकाइतकाच. साधी तक्रार नोंदवायला तर तेही लागत नाही. मिळकतकर घरमालक भरतो, पण तो भाड्यात धरलेला असतो. वस्तीतला माणूस नळ, कचरा आणि शौचालय यांवर आपल्यापेक्षा जास्त अवलंबून असतो, म्हणून त्याचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया रोज दीड-दोनशे दारांत जातात. कुठल्या कोपऱ्यावर रात्री कचरा टाकला जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मात्र परिसराच्या बैठकीत त्यांना खुर्ची दिलेली मी क्वचितच पाहिली आहे.

याच्याच जोडीला आणखी एक समज: सोसायट्यांचा महासंघ किंवा परिसर मंच म्हणजे वस्तीचा प्रतिनिधी. मुंबईत ए.एल.एम. म्हणजे परिसर व्यवस्थापनाचे गट नव्वदच्या दशकात सुरू झाले आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं चांगलं काम अनेक ठिकाणी झालं. पण हे गट निवडून आलेले नसतात. त्यांचं पत्र म्हणजे काही रहिवाशांचं मत. कायद्याने त्याला ठरावाचं वजन नाही. फेरीवाल्यांना हटवण्याच्या मागणीवर पन्नास सोसायट्यांच्या सह्या असतात, आणि त्याच फेरीवाल्यांकडून भाजी घेणाऱ्या मागच्या वस्तीला कुणी विचारलेलं नसतं. फेरीवाल्यांसाठी तर २०१४ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे आणि निर्णयात शहर फेरीवाला समितीचा सहभाग असावा लागतो. अशा वेळी सह्यांचा गठ्ठा मोठा असून चालत नाही.

काही तक्रारी महापालिकेच्या नसतातच. वीज गेली तर पुण्यात महावितरण. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक सुरू असेल तर पोलीस, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदीची वेळ आहे. झाड तोडायचं असेल, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ही तरतूद १९७५ च्या कायद्यातली. आणि ‘दारूच्या दुकानाला सरकारी परवाना आहे, आपण काय करणार’ असं म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी: शहरातल्या प्रभागातही २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून निवेदन दिलं, तर पडताळणीनंतर गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली की आडवी बाटली, या चिन्हांवरचं हे मतदान आपण गावांच्या बातम्यांत वाचतो. शहरातल्या बायकांनाही तो हक्क आहे.

मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ‘नगरसेवक नाहीत, तरी काय बिघडलं?’ असं तेव्हा पुष्कळ जण म्हणत होते. बिघडलं ते असं: जो आयुक्त अंदाजपत्रक मांडत होता, तोच प्रशासक म्हणून ते मंजूर करत होता. प्रभाग समित्यांत लोकप्रतिनिधी उरले नाहीत आणि क्षेत्रसभा बोलवायला कुणी राहिलं नाही. नगरसेवकावर नाराज असणं वेगळं आणि त्याच्या जागेची गरजच नाही असं म्हणणं वेगळं. पहिलं म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसऱ्याने आपलंच तोंड बंद होतं.

राहिला प्रश्न काम झाल्यानंतरचा. रस्ता झाला, सहा महिन्यांत खड्डे पडले, तर पुन्हा निधी मागायची गरज नसते. ठेकेदारावर दोषदायित्वाचा कालावधी बांधलेला असतो आणि त्या काळात दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची असते. तो किती, हे कार्यादेशात लिहिलेलं असतं. कार्यादेश पाहायला दर वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबावं लागतं, हाही गैरसमजच. पुणे महापालिकेत महेश झगडे आयुक्त असताना नागरिकांना ठरलेल्या वेळी अभिलेख थेट पाहू देण्याची पद्धत सुरू झाली. २०१८ मध्ये राज्य सरकारने तीच पद्धत स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना लागू केली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५, आणि सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. खात्याचं नाव, रस्त्याचं नाव आणि कामाचं वर्ष लिहून न्यावं, म्हणजे फाइल लवकर सापडते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये तर कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही दिलेला आहे. डांबराचा थर कार्यादेशात लिहिला आहे तेवढा पडला का, हे अर्ज करून, अभियंत्याच्या उपस्थितीत, रस्त्यावर उभं राहून तपासता येतं.