काळं म्हणजे कडक नव्हे

सिगारच्या पेटीतलं जवळजवळ काळं दिसणारं पान पाहिलं की नवखा माणूस हमखास विचारतो, "फार कडक असेल ना?" स्टाउट बिअरचा ग्लास समोर आला तरी प्रश्न हाच. दोन्हीकडे रंग फसवतो. डब्लिनची गिनेस ड्राफ्ट काळीभोर दिसते, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्केच असतं. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी पिवळीधमक बिअर मात्र ८ टक्क्यांपर्यंत जाते. सिगारचा कडकपणाही मुख्यतः गाभ्यातल्या पानांवर ठरतो. वरचं काळं पान देतं ती गोडसर, खरपूस चव. काळ्या सिगारला काळी बिअर का मानवते, हे समजायचं तर आधी रंग आणि कडकपणा यांची फारकत करावी लागते.

अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात दोन तऱ्हांचा तंबाखू होतो. एक, १९०० पासून कापडी मांडवाखाली वाढवला जाणारा: त्याचं पान पातळ, फिकट, रेशमी. दुसरा ब्रॉडलीफ. हा उघड्या उन्हात वाढतो. त्याची पानं एकेक करून खुडत नाहीत. अख्खं झाड बुंध्याशी कापतात आणि लाकडी कोठारात उलटं टांगतात. पान खोडाला धरूनच सावकाश वाळतं आणि हाती येतं ते जाड, तेलकट, शिरा उठून दिसणारं. देखणं म्हणता येणार नाही. पण चवीच्या बाबतीत मांडवातल्या गुळगुळीत पानाने याच्या जवळपासही येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी जादू पुढे होते. वाळलेली पानं किंचित ओलसर करून त्यांचे पुरुषभर उंचीचे ढीग रचतात. बाहेरून आच अजिबात द्यावी लागत नाही. ओलावा आणि वरचा भार एवढ्यावरच ढीग आतून ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. पारा जास्त चढू लागला की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायचा. ब्रॉडलीफसाठी हे काम दीड-दोन वर्षंही चालतं. तेवढ्या काळात अमोनिया निघून जातो, पानाचा तिखटपणा उतरतो आणि रंग चॉकलेटी होत काळ्याकडे झुकतो. या रंगामागे बऱ्याच अंशी साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली अभिक्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामील मेयार यांनी ती १९१२ साली मांडली. वाटणासाठी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा खमंगपणा याच जातीचा. फक्त तव्यावर जे मिनिटांत होतं, त्याला ढिगात महिनोन्महिने लागतात.

आता बिअर. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भाजताना हीच अभिक्रिया घडते. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट न पेटता काळं भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरचं रूपच पालटलं. असं काळं माल्ट थोडंसंच पुरतं. रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा त्यातून येतो, अल्कोहोल मात्र उरलेल्या फिकट माल्टच्या साखरेतून. सिगारमध्येही वरचं पान वजनाने थोडकंच असतं आणि तरी सगळ्या सिगारचा चेहरा तेच ठरवतं.

निकाराग्वातल्या एस्तेली शहरात वळली जाणारी 'लिगा प्रिवादा नंबर ९' घ्या. वर कनेक्टिकटचं ब्रॉडलीफ, गाभा बांधायला ब्राझीलचं माता फिना पान, गाभ्यात निकाराग्वा आणि होंडुरासची पानं. हिच्यात दम आहे, पण तो मुख्यतः गाभ्यातून येतो. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळतं, त्यांत निकोटिनही जास्त असतं. ती हळू जळतात म्हणून सिगार वळताना मधोमध घालतात.

टोक कापल्यावर न पेटवताच एकदा हवा ओढून पाहावी. मनुका आणि कोको तिथेच जाणवतात. पेटवताना ज्योत पानाला टेकवायची नाही. सिगार फिरवत कडा समान तापू द्यायची. पहिला इंच मिरीच्या अंगाने जातो. मग धूर जड होतो, साईसारखा दाटसर लागतो, आणि कॉफीची कडू गोडी वर येते. झुरका मिनिटाला एक, फार तर. घाई केली की पान तापतं आणि सगळी चव डांबरट होते.

बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नये. १० ते १२ अंशांवर आलेली स्टाउट जिभेवर उलगडते. बर्फगार असेल तर जीभच बधिर होते. आधी घोट, तो गिळून क्षणभर थांबणं, मग झुरका. माल्टचा कडवटपणा जिथे संपतो तिथे पानाची गोडी सुरू होते. १० टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट बरेच जण सुचवतात, मला ती या सिगारपुढे नको वाटते. दोघीही आडदांड, कुणीच कुणाचं ऐकत नाही. पाच-सहा टक्क्यांची कोरडी स्टाउट तोंड साफ करते. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत तशी मिळते. इंडिया पेल एल मात्र टाळाच. तिच्यातल्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा धुरात मिसळला की घसा खरवडतो.

सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी, हा समज धोक्याचा आहे. तिचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. आणि तंबाखू व मद्य एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो. मुखकर्करोगाने इतकी घरं पोळलेल्या आपल्या देशात हे स्पष्ट लिहायलाच हवं. जो तंबाखू ओढत नाही, त्याने या जोडीसाठी सुरुवात करू नये.

ज्यांच्याकडे सिगार आहे त्यांनी पावसाळ्यात तिला जपावं. तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईचा जुलै त्याच्या कितीतरी पुढे जातो: पान फुगतं, झुरका अडतो, वरचं पान तडकतं. नागपूरच्या मे महिन्यात उलट, तीच सिगार कोरडी पडून भराभर जळते. शिवाय २५ अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू लागतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता राखणारी पुडी आणि घरातला त्यातल्या त्यात थंड कोपरा, एवढी सोय आधी करावी.