शय्याव्रणावर शॉक वेव्ह

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर आधी नुसती लाली येते. बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही, तर शय्याव्रण सुरू झालंय असं समजा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे हात लावून ऊब, कडकपणा पाहायचा.

चिघळलेल्या जखमेवर आता शॉक वेव्ह वापरून पाहतात. घाबरू नका, अंगात वीज सोडत नाहीत. या दाबाच्या लहरी. 1980 साली म्युनिकमध्ये अशाच लहरींनी रुग्णाचा मुतखडा फोडला; जखमेसाठी जोर बराच कमी. त्या धक्क्याने पेशी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी प्रथिनं सोडतात. 2017 साली अमेरिकेत मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी अशा यंत्राला मान्यता मिळाली. शय्याव्रणाबाबतचा पुरावा मात्र अजून तोकडाच. त्यामुळे यंत्र असो-नसो, कूस बदलणं आणि टाच अधांतरी ठेवणं चुकवू नका.