सागावरची अळी तिवरावर

पावसाळा सरता सरता ठाणे खाडीकाठचे तिवर काही वर्षी अचानक तपकिरी पडतात. कोणीतरी विष घालून कांदळवन मारले, अशी ओरड होते. मुंबईतली भरावाची प्रकरणे पाहता तो संशय अगदीच हवेतला नसतो. पण फांदी हातात घेतली की कारण समोर येते. पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि धाग्यांना लोंबणाऱ्या काळपट अळ्या. हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची ही पिले. वनखात्याच्या दप्तरी मात्र हा किडा सागाचा शत्रू म्हणून नोंदलेला आहे.

मग खाऱ्या चिखलात त्याचे काय काम?

त्याचे उत्तर शोधायला आधी केरळात, निलांबूरला जावे लागते. मलबारचे कलेक्टर कोनोली यांच्या पुढाकाराने १८४०च्या दशकात तिथे सागाची लागवड सुरू झाली, आणि एकाच झाडाचे सलग रान म्हणजे या अळीला आयते ताट. वळवाच्या सरी पडल्या, सागाला नवी पालवी फुटली की पतंगांचे थवे उतरतात. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते, तीही सुटी-सुटी, कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला. अळी पानाची कड कातरून दुमडते, त्या घडीत दडून बसते आणि खाते. अनुकूल हवेत दहा-बारा दिवसांत तिची वाढ पुरी होते. दाटी झाली की तिचा रंगही गडद होतो. विरळ असताना ती फिकट हिरवट असते.

खरी मेख पानाच्या वयात आहे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीला सागाचे जून, खरखरीत पान खाता येत नाही. त्यामुळे ‘सागावर पडणारी कीड’ हे वर्णन अर्धेच खरे. तिला हवा असतो तो कोवळा साग, आणि तोही मोजके आठवडेच मिळतो. जून पाने वाट्याला येतात ती युटेक्टोना या दुसऱ्या पतंगाच्या. त्याच्या अळ्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाचा गर खाऊन जाळी तेवढी ठेवतात. मध्य भारतातल्या सागवनांना ही जाळी चांगलीच ओळखीची आहे.

सागाला पालवी नसते तेव्हा हायब्लिया कुठे जाते? तिच्या खाद्यवनस्पतींच्या यादीत निर्गुडी आहे, टेटू आहे आणि तिवरही आहे. वरवर पाहता यांचा मेळ बसत नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या आजच्या मांडणीत साग आणि निर्गुडी तुळशीच्या कुळात, तिवर अडुळशाच्या कुळात, टेटू त्याच्या स्वतःच्या कुळात, आणि ही तिन्ही कुळे एकाच गणातली. म्हणजे मादीची निवड दिसते तितकी स्वैर नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरही हीच अळी तिथल्या तिवराच्या जातीवर तुटून पडल्याची नोंद आहे.

नुकसानीचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखा नाही. पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या लागवडीत मोजणी केली, तेव्हा अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. झाड मरत नाही, पुन्हा पालवते. पण जी ताकद खोडात जायची ती पानांत खर्ची पडते. तिवराच्या लाकडाचा असा बाजार नाही. तिवरही काही आठवड्यांत पुन्हा हिरवा होतो. त्यामुळे खाडीत कीटकनाशक फवारा म्हणणाऱ्यांनी आधी तिथल्या कोलंबीचा आणि खेकड्यांचा विचार करावा. सागासाठी केरळच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली: या अळीलाच रोग जडवणारा एक विषाणू. तो पानावर फवारायचा, अळीने पानाबरोबर तो खायचा आणि मरायचे. वेळ मात्र नेमकी साधावी लागते, अळ्या लहान असतानाच. मोठ्या अळ्यांवर फवारणी होईपर्यंत पाने संपलेली असतात.