छडीविना शिस्त
शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कलम १६मुळे आठवीपर्यंत नावही कमी करता येत नाही. मग रोज वर्ग डोक्यावर घेणाऱ्याचं काय करायचं? अमेरिकेत चौथीच्या एका वर्गात झालेला प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन गट. कुणी जागा सोडली, मध्येच बोललं, की त्या गटाच्या नावे फळ्यावर एक रेघ. कमी रेघांचा गट जिंकणार. दोन्ही गटांच्या रेघा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही जिंकणार. बक्षीस काय, तर जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, शाळा सुटण्याआधी मोकळा वेळ! मुद्दाम रेघा वाढवणाऱ्याला मात्र गटाबाहेर काढून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. नाहीतर सगळा गट त्या एकावरच तुटून पडतो.