भीमगड: म्हादईच्या माथ्यावर राखलेलं रान

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून शिरोलीमार्गे हेमाडग्याकडे निघालं की उसाची आणि भाताची शिवारं मागे पडतात आणि झाडी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येते. पुढे हाच रस्ता अनमोडला जाऊन गोव्याची वाट धरतो. या वाटेच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर भीमगड अभयारण्य पसरलेलं आहे. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या मोठ्या अभयारण्यांच्या मानाने लहानच. पण त्याच्या एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आणि उत्तरेला तिलारी-चंदगडकडे जाणारी डोंगररांग आहे. मधला हा तुकडा गेला, तर तीन राज्यांच्या जंगलांची साखळी तुटेल. बेळगावातल्या निसर्गप्रेमींनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे डिसेंबर २०११ मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

नाव किल्ल्याचं. गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी तो बांधला, असं या भागात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. आज तटबंदीचे अवशेष झाडोऱ्यात बुडालेले आहेत. जगाच्या नकाशावर मात्र हे रान आलं ते किल्ल्यामुळे नव्हे, तर तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमुळे.

चुनखडीच्या या गुहांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक वटवाघूळ सापडलं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेव्हा देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि वनखात्यात अधिकारी राहिलेल्या रॉटन यांचं नाव तिला दिलं. मोठाले कान आणि पडद्याबाहेर मोकळी राहिलेली शेपटी ही तिची ओळख. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं साऱ्या जगात या जातीचा हे एकच ठिकाण ठाऊक होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ती आढळली. आपल्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना कितीतरी वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. या वटवाघळाला मात्र त्याच कायद्याने वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसवलं. गुहेत सहज डोकावता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. टॉर्चचा झोत आणि माणसांचा गोंगाट एवढ्यानेही अशा वसाहती विस्कटतात.

भीमगडची खरी श्रीमंती पाण्यात आहे. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आमगाव आणि कणकुंबी यांची गणना होते. म्हादई याच रानात, देगावच्या परिसरात उगम पावते, वज्रपोहा धबधब्यावरून खाली झेप घेते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. थोड्याच अंतरावर, कणकुंबीच्या माउली देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ती पाठ फिरवून पूर्वेला जाते, सौंदत्तीचं धरण भरते, हुबळी-धारवाडची तहान भागवते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. निपाणीकरांना हे आपल्यापासून दूरचं वाटू नये. त्यांच्या शिवारांतून वाहणारी वेदगंगाही याच सह्याद्रीच्या भुदरगडकडच्या डोंगरांतून येते. माथ्यावरचं झाड तुटलं की खालच्या तंबाखूच्या, उसाच्या रानालाही त्याची झळ पोहोचते.

या पाण्यावरूनच मोठा झगडा उभा राहिला. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्याची योजना जुनी आहे. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांना पाणी हवं आहे आणि त्यांची तहान खोटी नाही. २०१८ मध्ये म्हादई लवादाने या दोन नाल्यांतून ३.९ टीएमसी पाणी वळवायला मान्यता दिली. गोव्यात म्हादई बचाव अभियानाच्या निर्मला सावंत आणि राजेंद्र केरकर यांनी या योजनेविरुद्ध आवाज उठवला. बेळगावातले पर्यावरण कार्यकर्तेही आपल्याच राज्याच्या योजनेविरुद्ध उभे राहिले, आणि हे धाडस मला विशेष मोलाचं वाटतं. मलप्रभा आटते आहे ती तिच्या उगमाजवळचं रान विरळ झाल्यामुळे, तेव्हा आधी ते रान राखा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो मला पटतो.

चोर्ला घाटात याच विचारातून एक वेगळा प्रयोग झाला. खाणकामाचं सावट आलेली शेकडो एकर डोंगरजमीन कॅप्टन नितीन धोंड आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतली, तिथलं जंगल तसंच राहू दिलं आणि निसर्ग पर्यटनावर तिचा खर्च भागवला. चोर्ल्याच्या परिसरातच २००७ मध्ये देवगांडुळाच्या एका नव्या जातीची नोंद झाली आणि शास्त्रज्ञांनी तिला म्हादईचं नाव दिलं. हा बिनपायांचा उभयचर प्राणी ओल्या मातीत राहतो. खाणीचं यंत्र तिथे आधी पोहोचलं असतं, तर त्याला नाव मिळायच्या आतच तो नाहीसा झाला असता.

राखलेलं रान जोडलेलं राहिलं तर काय घडतं, याचा दाखला एका वाघाने दिला. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ साली कॅमेऱ्यात टिपलेला नर २०२० मध्ये दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, काळी व्याघ्र प्रकल्पात पुन्हा दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. त्याची वाट राधानगरी, चंदगड, तिलारी आणि भीमगडच्या पट्ट्यातलीच असणार. या साखळीचा राधानगरीकडचा दुवा शाहू महाराजांच्या काळापासून राखलेला आहे. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं. महाराष्ट्राने अलीकडे तिलारीला आणि चंदगडला संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीत मात्र जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेले. त्यानंतर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो प्रकल्प झाला, तर भीमगडला पश्चिमेकडून भक्कम आधार मिळेल.

आता सर्वांत नाजूक भागाकडे येऊ. हे रान निर्मनुष्य नाही. तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, मेंडील, आमगाव, कृष्णापूर अशी गावं त्याच्या पोटात आहेत आणि तिथलं घरचं बोलणं मराठीतलं आहे. देवाच्या नावाने राया राखणारी, नाचणी आणि भात पिकवणारी ही माणसं अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात. रस्ता, पूल, वीज, दवाखाना यांसाठी मात्र त्यांना प्रत्येक वेळी वनकायद्याच्या भिंतीवर डोकं आपटावं लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडांची डोली करून खांद्यावरून चिखलातून काही किलोमीटर वाहून नेलं. त्या दृश्यानंतर पुनर्वसनाच्या हालचालींना वेग आला. २०२५ मध्ये वनमंत्री ईश्वर खंड्रे यांच्या हस्ते तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाखांपैकी १० लाखांचा पहिला हप्ता देण्यात आला.

ज्यांना मुलांच्या शाळेसाठी, आजारपणासाठी बाहेर पडायचं आहे, त्यांना सन्मानाने वाट मिळायलाच हवी. पण १५ लाखांत खानापूरजवळ घर आणि शेत दोन्ही उभं राहील का, हा गावकऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. आणि ज्यांना राहायचं आहे, त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला सामूहिक हक्कही तितकाच खरा आहे. गाव उठवलं म्हणजे जंगल वाढलं, असा सरळ हिशेब मी मानत नाही. तळेवाडीच्या मोकळ्या झालेल्या शिवारात गवताची कुरणं तयार होतील की निलगिरी-अकेशियाची लागवड होईल, हे कोण बघणार? वणव्याची पहिली बातमी देणारी माणसंही याच वाड्यांतली असतात.

तळेवाडीनंतर गवाळी आणि इतर गावांची बोलणी होतील. तेव्हा ग्रामसभेपुढे येणारा प्रत्येक कागद कन्नडबरोबर मराठीतही असावा, तो गावात मोठ्याने वाचून दाखवावा, विचार करायला एक अख्खा पावसाळा द्यावा आणि अंगठा-सही त्यानंतरच घ्यावी.